बोलणे आणि चालणे : ‘कॉन्व्हर्सेशन’ या शब्दाच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी भाषांतरविद्येच्या वर्गात घडलेला एक लहानसा प्रसंग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमधील काही उतारे मी विद्यार्थ्यांना मराठीत आणण्यासाठी दिले होते. भाषा जुनी, वाक्यरचना भारदस्त, आणि शब्द ओळखीचे दिसत असूनही अर्थाने परके. भाषांतर शिकवणाऱ्याला असे उतारे सोयीचे वाटतात. त्यांपैकी एक उतारा पेत्राच्या पहिल्या पत्रातील, पत्नींना उद्देशून केलेल्या उपदेशाचा होता. धर्मवचन न मानणाऱ्या पतीचे मन पत्नीने काही न बोलता वळवावे, असा त्याचा आशय. मन ज्यायोगे वळावयाचे त्या गोष्टीसाठी इंग्रजीत शब्द होता ‘कॉन्व्हर्सेशन’. एका विद्यार्थिनीने तो ‘संभाषण’ असा आणला, आणि तिच्या मराठी वाक्यात एक विलक्षण विसंगती निर्माण झाली : पत्नीने एक शब्दही न उच्चारता संभाषणाने पतीला जिंकावे!

मी तांबड्या शाईने ‘संभाषण’ खोडले, वर ‘आचरण’ लिहिले आणि वही परत केली. तास संपताना ती पुढे आली. “सर, चूक कळली,” ती म्हणाली. “पण वागण्याचा शब्द बोलण्याकडे आला कसा? आणि येताना त्याचे काय मागे राहिले?” मला दुसऱ्या वर्गावर जायचे होते. “शब्दकोश पाहा. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरे आहे,” असे सांगून मी निघालो. माझी दुरुस्ती बरोबर होती. कोश पाहण्याचा सल्लाही वावगा नव्हता. तरीही एका माणसाने मनापासून विचारलेल्या प्रश्नाकडे मी पाठ फिरवली होती, आणि तीही नेमक्या याच शब्दाच्या बाबतीत. तिने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

‘कॉन्व्हर्सेशन’ हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिन. ‘कॉन्व्हर्सारी’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ सोबत राहणे, वावरणे, ऊठबस करणे. त्याच्या पोटात ‘व्हेर्तेरे’, म्हणजे वळणे, हे क्रियापद आहे. ‘कॉन’ हा उपसर्ग सोबतीचा. एकमेकांच्या सान्निध्यात पुन्हापुन्हा वळणे-फिरणे, हे त्या शब्दातील मूळ चित्र. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला येथे एक ओळखीची खूण दिसेल. लॅटिन ‘व्हेर्तेरे’ आणि संस्कृत ‘वृत्’ हे एकाच इंडो-युरोपीय धातूचे वंशज आहेत. ‘वृत्’पासून आपल्याकडे वर्तन, वृत्ती, वर्तुळ, परिवर्तन असे शब्द झाले. ‘वार्ता’ हा शब्दही त्याच कुळातला, आणि हिंदीतील ‘बात’ प्राकृतातून उतरली ती या ‘वार्ते’पासूनच. म्हणजे वळण्यापासून वागण्याकडे आणि वागण्यापासून बोलण्याकडे असा जो प्रवास युरोपात घडला, त्याच्याशी समांतर असा प्रवास आपल्या भाषांतही घडलेला आहे. ‘कॉन्व्हर्सेशन’चे अवयवशः मराठीकरण करायचे ठरवले, तर ‘सहवर्तन’ हा शब्द हाती येतो.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थाचा पुरावा नव्हे, हे मी जाणतो. शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या आजच्या वापरात असतो आणि मूळ धातूच्या आधारे कोणाच्या वापराला चुकीचे ठरवणे हा पांडित्याचा दुराग्रह होय. परंतु शब्दाचा इतिहास एक वेगळी गोष्ट सांगू शकतो. आज आपण ज्या दोन गोष्टी वेगळ्या समजतो, त्या एकेकाळी एकाच शब्दात कशा नांदत होत्या, आणि त्या वेगळ्या झाल्या तेव्हा कोणाचा लाभ झाला व कोणाची हानी, हे तो दाखवतो. मला येथे तेवढेच पाहायचे आहे.

सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी इटलीत मठवासीयांसाठी जी नियमावली रचली, तिच्या ५८व्या प्रकरणात मठात प्रवेश करणाऱ्याने द्यावयाची वचने सांगितली आहेत. एक वचन स्थैर्याचे, एक आज्ञापालनाचे, आणि एक ‘कॉन्व्हर्सातिओ मोरुम’चे. मठातील जीवनरीतीला स्वतःला वाहून घेणे, असा त्याचा स्थूल अर्थ. पुढच्या काळातील नकलाकारांना हा प्रयोग इतका अवघड वाटला, की त्यांनी त्याजागी मनःपरिवर्तन या अर्थाचा, दिसायला सारखा असा ‘कॉन्व्हर्सिओ’ हा शब्द घातला आणि तोच पाठ शतकानुशतके चालत राहिला. याच नियमावलीत मौनाला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. कमी बोलण्याची शिस्त पाळणारी माणसे आयुष्यभर ‘कॉन्व्हर्सातिओ’चे व्रत घेत होती, यात त्या काळी कोणालाही विसंगती वाटली नाही. एकाच भोजनगृहात जेवणे, एकाच शेतात राबणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, हे सारे त्या शब्दात येत होते.

माझ्या विद्यार्थिनीला अडवणारा उतारा याच परंपरेतील. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘अनास्त्रोफे’ हा शब्द आहे. त्यातही वळण्याचीच कल्पना आहे. लॅटिन बायबलने तेथे ‘कॉन्व्हर्सातिओ’ घातले आणि १६११च्या इंग्रजी भाषांतरकारांनी ‘कॉन्व्हर्सेशन’. त्यांच्या वाचकाला तेव्हा त्याचा अर्थ कळत होता. परंतु १८८१ साली नव्या कराराची सुधारित इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा तेथे ‘बिहेव्हियर’, म्हणजे वागणूक, हा शब्द आला. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात जेथे १६११च्या भाषांतरात ‘कॉन्व्हर्सेशन’ होते, तेथे १८८१मध्ये नागरिकत्व या अर्थाचा शब्द घालावा लागला. मधल्या पावणेतीनशे वर्षांत शब्द तोच राहिला, त्याच्या घरात राहणारा अर्थ मात्र बदलला होता.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. बोलण्याचा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीसच इंग्रजीत दिसू लागतो. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी मोकळ्या बोलण्याचा अर्थ आधी दिला, आणि पुढे सहवास-व्यवहार व लोकांतील आचरण हे अर्थही नोंदवले. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी होते, पण क्रम उलटला होता. जो पाहुणा म्हणून आला, तो यजमान झाला.

या उलथापालथीमागे केवळ भाषेतील योगायोग नव्हता. लंडनमध्ये १६५२ साली पास्क्वा रोझे यांनी पहिले कॉफीगृह उघडले असे मानले जाते, आणि पुढील काही दशकांत अशा कॉफीगृहांची शहरात दाटी झाली. तेथे एक पेनी देऊन कोणाही पुरुषाला बसता येई, वृत्तपत्र वाचता येई, अनोळखी माणसाशी बोलता येई. सरदार, व्यापारी, ग्रंथकार, दलाल एका बाकावर येत. ही मोकळीक सत्तेला मानवणारी नव्हती. दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला. लोकांचा असंतोष इतका तीव्र होता, की जानेवारी १६७६मध्ये अंमलबजावणीपूर्वीच तो मागे घ्यावा लागला. बोलणे हे राहण्यापासून सुटे झाले, याचा हा लाभ होता. ज्यांचे घर, कुळ, पंगत एक नाही, ज्यांचे एरवी एकत्र वावरणे शक्यच नव्हते, त्यांनाही आता बोलता येऊ लागले. जुन्या ‘कॉन्व्हर्सेशन’मध्ये सोबत कोण राहणार हे जन्माने आणि धर्माने ठरलेले असे. नव्यात ते ठरवणारा दरवाजा थोडा किलकिला झाला.

तरी तो सर्वांसाठी उघडला नव्हता. कॉफीगृहांत ग्राहक म्हणून स्त्रियांना सहसा स्थान नव्हते. त्यांनी ते दुसरीकडे मिळवले. अठराव्या शतकाच्या मध्यापासून एलिझाबेथ मॉंटेग्यू, एलिझाबेथ व्हेझी यांच्या घरी जमणाऱ्या मंडळींत पत्त्यांचा जुगार बाजूला सारून साहित्यावर आणि विचारांवर बोलण्याची प्रथा पडली. हॅना मोर यांनी या मंडळींवर लिहिलेली आणि १७८६ साली प्रसिद्ध झालेली कविता ‘कॉन्व्हर्सेशन’ हेच उपशीर्षक मिरवते. डेव्हिड ह्यूम यांनी १७४२ सालच्या एका निबंधात विद्वानांचे जग आणि संभाषणाचे जग असे दोन प्रदेश कल्पिले, पहिल्याकडून दुसऱ्याकडे आलेला वकील अशी स्वतःची भूमिका सांगितली, आणि दुसऱ्या प्रदेशाचे राज्य स्त्रियांकडे दिले. त्यात आर्जवाचा भाग असेल. पण १६११च्या त्या उताऱ्यातील स्त्रीला ‘कॉन्व्हर्सेशन’ काही न बोलता करायचे होते, ही गोष्ट लक्षात घेतली, म्हणजे हा बदल किती मोठा होता ते कळते. माझ्या विद्यार्थिनीने ‘संभाषण’ लिहिले, तेव्हा नकळत तिने त्या मूक पत्नीच्या तोंडी शब्द दिला होता. मी तो तांबड्या शाईने काढून घेतला. भाषांतर म्हणून ते योग्यच होते. पण काय काढून घेतले याचा विचार मी केला नव्हता.

जुन्या अर्थाकडे हळवेपणाने पाहू नये यासाठी आणखी एका ठिकाणी थांबणे आवश्यक आहे. इंग्लंडच्या कायद्यात ‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’ नावाचा एक दावा होता. नाव गुन्ह्याचे असले, तरी तो दिवाणी स्वरूपाचा. पत्नीशी परपुरुषाचा शरीरसंबंध आला असे पतीचे म्हणणे असेल, तर त्या पुरुषाकडून नुकसानभरपाई मागण्याचा हा मार्ग होता. येथे ‘कॉन्व्हर्सेशन’ जुन्या, सहवासाच्या अर्थाने आलेला आहे. १८३६ साली जॉर्ज नॉर्टन यांनी तत्कालीन पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर असा दावा लावला आणि दहा हजार पौंडांची भरपाई मागितली. ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते त्या कॅरोलाइन नॉर्टन लेखिका होत्या, नाटककार शेरिडन यांच्या नात होत्या, आणि लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात संभाषणचातुर्यासाठी प्रसिद्ध होत्या. ज्यूरीने जागेवरून न उठताच मेलबर्न यांच्या बाजूने निर्णय दिला. पण त्या संपूर्ण खटल्यात कॅरोलाइन यांना एक शब्दही बोलता आला नाही. दाव्यात त्या पक्षकार नव्हत्या. साक्ष देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. दोन पुरुषांमधील व्यवहाराच्या त्या विषय होत्या. खटला फेटाळला गेला तरी तीन मुलगे पतीच्याच ताब्यात राहिले, कारण कायदा पित्याच्या बाजूचा होता.

‘कॉन्व्हर्सेशन’ नावाच्या खटल्यात जिच्याविषयी बोलले जाते तिलाच बोलता येत नाही, यापेक्षा या शब्दाची मोठी शोकांतिका मला ठाऊक नाही. कॅरोलाइन नॉर्टन यांनी न्यायालयात नाकारलेला शब्द पुस्तिकांच्या द्वारे परत मिळवला. त्यांच्या प्रयत्नांचा १८३९च्या अपत्य-ताबा कायद्याला मोठा आधार झाला. १८५७ साली विवाहविषयक नवा कायदा होऊन ‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’चा दावा इंग्लंडमध्ये रद्द झाला, त्या चळवळीतही त्यांचे लेखन होते. भरपाई मागण्याचा पतीचा हक्क मात्र दुसऱ्या रूपाने त्यानंतरही टिकून राहिला. आपल्याकडेही १८६०च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४९७ने व्यभिचाराच्या प्रकरणात विवाहित स्त्रीला आरोपी मानले नाही आणि फिर्यादीही मानले नाही. पतीची संमती असेल तर गुन्हाच घडत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१८ साली घटनाबाह्य ठरवले. दोन्ही ठिकाणचे कायदे वेगळे, पण त्यांत स्त्रीची जागा एकच होती : सहवास तिचा, शब्द इतरांचे.

येथे माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा गाभा येतो. शब्दविहीन सहवर्तन अन्याय्य होऊ शकते, हे उघड आहे. मग सहवर्तनावाचूनचे शब्द कसे असतात? बोलण्याने वावरण्यापासून फारकत घेतली तेव्हा नेमके काय मागे राहिले?

जॉन्सन यांच्याच उदाहरणावरून हे पाहता येईल. त्यांच्यासारखा बोलणारा माणूस इंग्रजी साहित्यात विरळा. १७६४ साली स्थापन झालेल्या मंडळात ते आणि त्यांचे मित्र जमत. १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या बॉझवेलकृत चरित्राचा मोठा भाग म्हणजे जॉन्सन यांचे बोलणे. नुसते बोलणे आणि संभाषण यांत ते स्वतः भेद करीत. एखाद्या विषयाचा ऊहापोह झाल्याशिवाय त्याला संभाषण म्हणायला ते तयार नसत. आणि तरीही पुष्कळदा ते केवळ जिंकण्यासाठी वाद घालीत, हे बॉझवेल यांनी लपवलेले नाही. आपल्या न्यायदर्शनाने याचे वर्गीकरण फार पूर्वी केले आहे. कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार तेथे सांगितले आहेत : सत्याच्या निर्णयासाठी तो वाद, विजयासाठी तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष पाडण्यासाठी ती वितंडा. या वर्गीकरणाच्या हिशेबाने जॉन्सन यांचे काही बोलणे जल्पात जाईल. पण मजेची गोष्ट अशी, की हेच जॉन्सन आपल्या घरात निराधार, आजारी, तिरसट अशा माणसांना वर्षानुवर्षे आश्रय देऊन राहिले. दृष्टी गेलेल्या ॲना विल्यम्स यांच्यासोबत त्यांचा चहा रात्री उशिरापर्यंत चाले. मंडळातील जल्पाचा उतारा घरातील या सहवर्तनात होता असे मला वाटते. शब्दांत जिंकणारा हा माणूस राहणीत जिंकण्याचा विचारही करीत नव्हता.

इंग्रजीतील चर्चावाचक इतर शब्दांशी तुलना केली, तर ‘कॉन्व्हर्सेशन’चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. ‘डिबेट’च्या मुळाशी मारणे आहे, ‘डिस्कशन’च्या मुळाशी हादरवून वेगळे करणे आहे, ‘डिस्कोर्स’च्या मुळाशी इकडून तिकडे धावणे आहे. ‘डायलॉग’मधील ‘डाय’चा अर्थ दोन असा पुष्कळ जण करतात, तो चुकीचा आहे. ग्रीक ‘दिया’ म्हणजे ‘मधून’, ‘आरपार’. त्या शब्दात बोलणाऱ्यांची संख्या नाही. या सर्व शब्दांत काहीतरी केले जाते, कोठेतरी पोचले जाते. एकट्या ‘कॉन्व्हर्सेशन’मध्ये पोचण्याची घाई नाही. मायकेल ओकशॉट यांनी १९५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मानवी संस्कृतीचेच वर्णन कॉन्व्हर्सेशन असे केले, ते याच कारणाने. त्यांच्या मते त्यात काही सिद्ध करायचे नसते, कोणी पंच नसतो. काव्य, विज्ञान, व्यवहार असे वेगवेगळे आवाज तेथे एकमेकांना न गिळता नांदतात. हे चित्र मोहक आहे. मात्र जे आधीपासून आत बसले आहेत त्यांचेच हे चित्र आहे, अशी शंका मला ते वाचताना नेहमी येते. कॅरोलाइन नॉर्टन दाराबाहेर उभ्या असताना आतील आवाजांच्या सुरेलपणाचे कौतुक किती करायचे?

मराठीत आपण या शब्दासाठी बहुधा ‘संवाद’ वापरतो. हा शब्द सुंदर आहे, पण तो एक अट सोबत घेऊन येतो. संगीतात वादी स्वराशी जुळणारा तो संवादी. न जुळणारे ते विसंवादी. म्हणजे ‘संवाद’ या शब्दाला मुळातच मेळाची अपेक्षा आहे, आणि म्हणून मतभेद दिसला की ‘संवाद तुटला’ असे आपण सहज म्हणून जातो. सहवर्तनाला मात्र एकमताची गरज नसते. एका वाड्यात तीस वर्षे राहिलेल्या दोन बिऱ्हाडांचे कशावरही एकमत नसेल. तरी नळाच्या पाण्याची वेळ, मुलांच्या शाळा आणि घरातील मृत्यू यांच्या निमित्ताने त्यांचे बोलणे सुरू राहते. ‘संभाषण’ या शब्दात अशी अट नाही. पण त्याला सहवासाचा वासही नाही. दोन्ही शब्दांत काही ना काही कमी पडते.

आजच्या वापरात या उणिवेला व्यावहारिक रूप आले आहे. कचेरीत एखाद्याला कामावरून कमी करायचे असते, तेव्हा त्याला बोलावून जे सांगितले जाते त्यालाही आता अवघड ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणतात. निर्णय झालेला असतो, कागद तयार असतो. समोरच्याने काहीही म्हटले तरी त्यातील एक अक्षर बदलणार नसते. सार्वजनिक जीवनात एखाद्या अन्यायाविरुद्ध आवाज उठला, की अधिकारस्थानावरून ‘यावर कॉन्व्हर्सेशन व्हायला हवे’ असे सांगितले जाते, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ तूर्त काही करणार नाही एवढाच असतो. या प्रयोगांत शब्द आहेत, सौजन्यही आहे. दुसऱ्याच्या बोलण्याने आपले काही वळेल अशी शक्यता तेवढी काढून घेतलेली आहे. ‘व्हेर्तेरे’ म्हणजे वळणे; जेथे एक पक्ष वळणारच नाही असे आधी ठरले आहे, तेथे ‘कॉन्व्हर्सेशन’चे फक्त नाव उरते.

यातूनच एक अवघड नैतिक प्रश्न उभा राहतो. बोलायला नकार देणे नेहमी दोष असतो का? ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला ‘निदान बोला तरी’ असे सांगणे सोपे असते. पण संभाषण ही सहवर्तनाची क्रिया मानली, तर जो माझे वर्तन, माझे अस्तित्वच मोजायला तयार नाही, त्याच्याशी शब्दांची देवघेव करण्याचे बंधन माझ्यावर कसे येईल? तेथे नकार हा संभाषणाचा भंग ठरत नाही. संभाषण अजून सुरूच झालेले नाही, याची ती कबुली असते. दाराबाहेर ठेवलेल्या माणसाच्या मौनाला उद्धटपणा म्हणण्यापूर्वी दार कोणी लावले हे पाहिले पाहिजे. वर्गात माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या विद्यार्थिनीने पुन्हा प्रश्न विचारला नाही, तिच्या मौनाची जबाबदारीही मला तिच्यावर टाकता येत नाही.

सहवर्तनावाचूनच्या शब्दांचे टोकाचे उदाहरण आता यंत्राने पुढे ठेवले आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये तयार केलेल्या ‘एलिझा’ या संगणकप्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात ती समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करी. प्रणाली कशी बनते हे महिनोन्महिने पाहिलेल्या त्यांच्या सचिव तिच्याशी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. या घटनेने ते इतके अस्वस्थ झाले, की १९७६ साली त्यांनी या विषयावर ग्रंथच लिहिला. नोव्हेंबर २०२२मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठी खुले झाले; त्याच्या तर नावातच गप्पा आहेत. ही यंत्रे उपयोगी आहेत. एकाकी माणसाला त्यांचा आधार वाटत असेल, तर त्याची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. मी फक्त एवढे विचारीन, की तेथे ‘कॉन्व्हर्सेशन’चा कोणता अर्धा भाग आहे? वाक्ये सुबक आहेत, उत्तर तत्पर आहे. परंतु बोलून झाल्यावर दिलेल्या शब्दासह जगण्याचा भार एकट्या माणसावर पडतो. यंत्राला उद्या सकाळी तोंड दाखवायचे नसते. आणि मग मला माझाच वर्ग आठवतो. तत्पर, अचूक आणि पुढच्या तासाला निघून गेलेले उत्तर मीही दिले होते. त्यासाठी यंत्र असावे लागले नव्हते.

मग या शब्दाचे मराठी काय करावे? कोशात नसले तरी ते आपल्या तोंडी आहे, असे मला आता वाटते. दोन घरांचे संबंध तुटले की आपण म्हणतो, त्यांचे बोलणेचालणे बंद आहे. या जोडशब्दातील ‘चालणे’ केवळ नादासाठी आलेले नाही. चालणे म्हणजे येणेजाणे, वागणे, वहिवाट. ‘चालचलणूक’मध्ये तेच आहे. बोलणे आणि चालणे यांचा मेळ आपल्या संतांनी प्रत्येकाकडे मागितला. हा जोडशब्द तोच मेळ दोन माणसांमध्ये मागतो. इंग्रजी शब्दाने साडेचारशे वर्षांत चालण्याकडून बोलण्याकडे प्रवास केला आणि पहिले घर सोडले. आपल्या साध्या घरगुती शब्दाने दोन्ही घरे राखली आहेत. नुसते चालणे राहिले, तर त्यात कोणीतरी मूक राहते. पेत्राच्या पत्रातील पत्नी आणि खटल्यातील कॅरोलाइन नॉर्टन ही त्याची साक्ष आहे. नुसते बोलणे राहिले, तर ते जल्प होते, किंवा कचेरीतील तयार कागद. दोहोंपैकी एकाला दुसऱ्याची भरपाई करता येत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या वहीत ‘आचरण’ ही माझी दुरुस्ती अजून असेल. ती मी मागे घेत नाही. १६११च्या त्या वाक्यात दुसरा शब्द बसत नाही. पण समासात मी आज आणखी एक ओळ लिहिली असती : शब्द आचरणाकडून बोलण्याकडे आला तेव्हा अनेकांना वाचा मिळाली, आणि बोलल्यानंतर सोबत राहण्याची जबाबदारी मागे राहिली. मग पुढच्या वर्गाची घंटा होऊ दिली असती आणि तिला विचारले असते, “तुम्हांला काय वाटते?”